समोरचा ब्रेक

"समोरचा ब्रेक नको मारू, तोंडावर पडशील!" आमच्या लेआउटच्या बगिच्यात संध्याकाळी हे वाक्य रोज कानावर येतं. बाजूच्या रस्त्याचं सिमेंटीकरण झालं तेव्हा उरलेल्या मुरमाचे ढीग बगिच्याच्या कोपऱ्यात तसेच पडून राहिले, आणि पोट्ट्यांनी त्यांचं सोनं केलं. ढिगांवरून वाट काढली, वळणाला बाहेरून मातीचा बांध घातला, मधे दगड रोवले, शेवटी सेंट्रिंगची फळी टाकून उडी तयार केली. माउंटन बायकिंगच्या, म्हणजे डोंगरवाटांवर सायकल चालवण्याच्या खेळाच्या, ट्रेलवर जे जे असतं ते सगळं लहान आकारात तिथे आहे.

गेल्या रविवारी माझा भाचा त्या उतारावरून थेट कुंपणाच्या तारेत गेला. कोपर सोलून निघालं. मुरमावर मागच्या टायरची सरळ घासलेली रेघ उमटली होती. मी ती मोजली, अकरा पावलं. म्हणजे मागचा ब्रेक त्याने जीव तोडून दाबला होता आणि समोरच्याला हातही लावला नव्हता. काहून, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, समोरचा मारला असता तर सायकल पलटी झाली असती ना!"

त्याला पाडलं ते या समजुतीने, म्हणून हा लेख.

शहर बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो. पाय बससोबत थांबतात, धड मात्र पुढे जाऊ पाहतं. सायकलवर तेच घडतं. ब्रेकचं बळ टायरला जमिनीपाशी मिळतं आणि आपला वजनाचा मध्य असतो जमिनीपासून मीटरभर उंच. खालून मागे ओढ, वरून पुढे रेटा, त्यामुळे भार समोरच्या चाकावर सरकतो.

किती सरकतो? साधारण सायकलीच्या दोन चाकांतलं अंतर १.१ मीटर धरू. स्वार आणि सायकल मिळून वजनाचा मध्य १.१ मीटर उंचीवर, समोरच्या चाकाच्या ०.६५ मीटर मागे. सायकल उभी असताना मागच्या चाकावर ५९ टक्के भार आणि समोर ४१ टक्के. आता वेग गुरुत्वत्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच्या) ०.४ पट दराने घटेल इतका ब्रेक लावा. ४० टक्के भार मागून उचलला जातो आणि समोर जातो. समोर ८१, मागे फक्त १९. टायरची पकड भारावर अवलंबून असते, म्हणून मागचा ब्रेक जितका जास्त काम करेल तितकं त्याचं चाक हलकं होत जाईल. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारा ब्रेक आहे तो. कोरड्या सिमेंट रस्त्यावर घर्षणगुणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.८ धरला तरी नुसत्या मागच्या ब्रेकने गुरुत्वत्वरणाच्या ०.२६ पटीच्या वर जाता येत नाही. समोरचा सोबत घेतला तर ०.५५ पर्यंत पोचता येतं. ताशी २५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या सायकलला पहिल्या तऱ्हेने थांबायला साडेनऊ मीटर लागतात, दुसऱ्या तऱ्हेने साडेचार. मधल्या पाच मीटरमध्ये आमच्या बगिच्याचं कुंपण आहे.

आता पलटीचं बघू. मागच्या चाकावरचा भार शून्य झाला की सायकल उलटते. आपल्या आकड्यांत हा क्षण ०.६५ भागिले १.१, म्हणजे ०.५९ पटीला येतो. हा भागाकार नीट लक्षात घ्या, कारण माउंटन बायकिंगचं निम्मं तंत्र त्यातच आहे. वजनाचा मध्य मागे न्या, वरचा आकडा वाढतो. खाली न्या, खालचा घटतो. स्वार पेडलवर उभा राहून ढुंगण सीटच्या मागे आणि खाली नेतो तेव्हा ०.६५ चे ०.८० होतात, १.१ चे ०.९५, आणि मर्यादा ०.५९ वरून ०.८४ वर चढते. खडतर ट्रेलवर जाणारे उताराआधी सीट खाली करतात ते याचसाठी. महाग सायकलींना सीट चालता चालता खाली घेणारी दांडी असते. जाहिरातीत तिचं फार कौतुक असतं, पण हेच काम आपल्या साध्या सायकलीवर एक पाना करतो.

उतारावर हिशेब कडक होतो, कारण वेग वाढू न देण्यातच ब्रेकची बरीच ताकद खर्ची पडते. ज्यांना त्रिकोणमिती आठवते त्यांच्यासाठी: ०.५९ हा साधारण ३० अंशांचा टॅन्जंट. सीटवर ताठ बसलेला माणूस ३० अंशांच्या उतारावर नुसता वेग राखायला ब्रेक लावेल तरी पलटीच्या काठावर असतो. मागे सरकलेल्याला ४० अंशांपर्यंत मुभा मिळते.

पण मुरमावर पलटीच्या आधी चाक घसरतं. आमचं नागपूर दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांच्या पूर्व काठावर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट इथे झिजून मुरूम झाला. खाली टणक थर, वर सुटे खडे. फरशीवर मूग सांडले की पाय जसा निसटतो तसंच. घर्षणगुणांक ०.५ धरला तर सपाटीवर पलटी व्हायच्या आधीच चाक निसटेल, आणि २७ अंशांहून तीव्र उतारावर कोणताच ब्रेक थांबवू शकणार नाही. वेग कमी करायचा तो ढिगाच्या माथ्यावरच. मग लोक तोंडावर पडतात ते कसे? बहुतेक वेळा समोरचं चाक दगडाला किंवा खड्ड्याला अडतं. तो अडथळा घर्षणापेक्षा कितीतरी जास्त बळ लावतो. त्यात हात सैल असले तर शरीर हँडलवर सरकतं, ०.६५ चे ०.३ होतात आणि भागाकार कोसळतो.

ब्रेकने समोरचं चाक पूर्ण अडकवणं मात्र खरंच घातक, आणि त्याचं कारण सायकलीच्या तोलात आहे. चाकं फिरतात म्हणून, भोवऱ्यासारखी, सायकल उभी राहते हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळपास पुसला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये डेल्फ्ट (नेदरलँड्स) आणि कॉर्नेल (अमेरिका) विद्यापीठांच्या संशोधकांनी तर हा परिणाम काढून टाकलेली, तरीही आपोआप तोल सांभाळणारी सायकल बनवून दाखवली. ज्या बाजूला कलतो त्या बाजूला हँडल वळून चाकं आपल्याखाली येतात, हे तोलाचं मुख्य कारण. अडकलेलं चाक कसंही वळवा, ते आधीच्याच दिशेने घसरत जातं, आणि स्वार क्षणात आडवा होतो.

यातून वळणाचाही नियम निघतो. टायरच्या पकडीची पुंजी १०० समजा. ब्रेकला ८० दिले तर वळायला २० उरत नाहीत, ६० उरतात. दोन्ही बळं काटकोनात असल्याने पायथागोरस लागतो. ब्रेकला ९५ दिले तर जेमतेम ३१. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात लीव्हर सोडायचा.

या खेळाच्या इतिहासातही मागचा ब्रेक आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींनी एका डोंगरवाटेवर शर्यती होत. उतार सुमारे ४०० मीटर, आणि त्यातल्या बऱ्याच सायकलींना फक्त मागच्या हबमधला (चाकाच्या मधोमध असलेल्या भागातला), पेडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक. ९० किलोचा ऐवज ४०० मीटर खाली आणला की साडेतीन लाख ज्यूल उष्णता होते, लिटरभर गार पाणी उकळीला नेण्याइतकी. त्यातली बरीचशी मुठीएवढ्या हबमध्ये! ग्रीस जळून धूर व्हायचं, प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच रीपॅक, म्हणजे 'पुन्हा भरा', पडलं.

नवी सायकल आली की आपल्याकडे हँडलला लिंबू-मिरची बांधतात. त्याच हँडलवर दोन लीव्हर आहेत, आणि कोणता समोरचा हे घरात कुणी तपासत नाही. सायकलीनुसार ते बदलतं. लिंबाने चाक थांबत नाही. झिजलेला ब्रेकचा गुटका थोडक्या पैशांत बदलून मिळतो.

सोमवारी आम्ही सिमेंट रोडवर खडूची रेघ मारली. भाच्याची सीट चार बोटं खाली घेतली. आधी नुसता मागचा, मग दोन्ही. समोरचा एका बोटाने, हळूहळू घट्ट करत, कोपरं वाकवून, अंग मागे. पहिल्या तीन वेळा त्याने समोरचा लावलाच नाही, बोट लीव्हरवर नुसतं थरथरत होतं. चौथ्यांदा लावला. रेघेपासून सहा पावलांवर सायकल उभी राहिली, मागचं चाक किंचित उचललं गेलं आणि परत टेकलं. तो मागे वळून रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, अजून एकदा."