गरोदर सून घरात आहे म्हणून पिल्लं परत नेऊ नका
निवारा केंद्रातून महिनाभर सांभाळायला आणलेली मांजराची पिल्लं घरात गोड बातमी कळताच परत पाठवली जातात. कारण एकच सांगतात: ‘मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला धोका.’ फार वाईट वाटतं.

केसाचा यात संबंध नाही. खरा धोका टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा, आणि तो गर्भाला खरोखर इजा करू शकतो. पण तो पसरतो मांजराच्या विष्ठेतून. लागण झालेलं मांजरही सहसा आयुष्यात एकदाच, १ ते ३ आठवडे, तो बाहेर टाकतं. बाहेर पडल्यावर लगेच तो बाधत नाही; त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणूनच शीची पेटी रोजच्या रोज साफ करायची, आणि ते काम नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी करायचं. पिल्लांना कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही.

अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती यांतूनही हीच लागण होते. तिकडे जास्त लक्ष द्या. शंका असेल तर डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. पिल्लं तोवर राहू द्या.