तांबटाची हातोडी आणि बिल्बाओचा पत्रा

जुन्या नाशकात तांबटाच्या दुकानात घंगाळ घडताना बघावं. तांब्याचा सपाट, गोल पत्रा भट्टीत तापवून मऊ करतात आणि ऐरणीवर फिरवत फिरवत त्यावर ठोके घालतात, म्हणजेच तो मठारतात. ठोके खाऊन धातू कडक होतो, मग पुन्हा भट्टी. अशा कितीतरी फेऱ्या झाल्या की पत्र्याला पोट सुटतं. परवा मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि डोक्यात घोळत होतं स्पेनमधलं बिल्बाओ.

तिथलं गुगनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये खुलं झालं. लॉस एंजेलिसमधले वास्तुकार फ्रँक गेहरी आणि त्यांच्या फर्मची ही रचना. लांबून बघितलं तर कुणी मातीचा गोळा हाताने वळवून ठेवलाय असं वाटतं. पण अंगावर आहे तो टायटॅनियमचा पत्रा, जाडी ०.३८ मिलिमीटर, म्हणजे वहीची चार पानं एकावर एक ठेवली तेवढी. असला पत्रा इतका वळणदार बसवला कसा?

घरी कागद घेऊन बघा. सुरळी होते, भेळवाल्याचा शंकू होतो. आता तोच कागद मोसंबीला गुंडाळा. चुण्या पडणारच. याचं कारण गणितज्ञ गाऊस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केलं: पृष्ठभाग न ताणता, न आकसता वाकवला तर त्याची मूळ वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची वक्रता शून्य, म्हणून तो एका दिशेने वळला की आडव्या दिशेने सरळच राहणार. दोन्हीकडून फुगायचं असेल, तर ताणावंच लागतं. तांबट ठोक्याठोक्याला तेच करतो. मधला धातू पसरतो, पातळ होतो, आणि घंगाळाचं पोट तयार होतं.

गेहरींच्या कामाची सुरुवातच कागद-पुठ्ठ्याच्या नमुन्यांपासून व्हायची. त्यामुळे त्यांची बरीचशी वळणं मुळातच कागदाला झेपणारी, म्हणजे पत्र्यालाही झेपणारी. नमुन्यावरचे बिंदू संगणकात उतरवायला त्यांनी घेतलं कॅटिया, लढाऊ विमानं बनवणाऱ्या फ्रान्सच्या दासोंचं सॉफ्टवेअर. ओझरच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई घडताना बघितलेल्या नाशिककरांना यात नवल वाटू नये, विमानाचं अंगही पत्र्याचंच आणि वळणाचंच. १९९२ च्या ऑलिंपिकसाठी बार्सिलोनात उभारलेला गेहरींचा धातूचा भलामोठा मासाही याच सॉफ्टवेअरने साधला.

सिएटलमधलं २००० सालचं त्यांचं संगीत संग्रहालय मात्र खरोखर दोन्ही दिशांनी फुगलेलं आहे. तिथे त्यांनी माशाच्या खवल्यांसारखे स्टील आणि अॅल्युमिनियमचे सुमारे २१,००० तुकडे केले, प्रत्येकाचा आकार वेगळा. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या वाट्याला येणारा फुगवटा कमी. मला बिल्बाओपेक्षा हीच युक्ती जास्त मोठी वाटते.

निघताना त्या वयस्कर कारागिरांना मी फोनवर सिएटलचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"भाऊ, एवढा पत्रा मठारला कोणी?"