मेन्स्ट्रुअल कप

मासिक पाळीतले रक्त योनीमार्गातच साठवून घेणारे, धुऊन पुन्हा वापरता येणारे लवचीक साधन. पॅड, कापडी घड्या आणि टँपॉन रक्त शोषून घेतात. कप ते नुसते झेलतो. कपाचे बहुतेक फायदे आणि सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका फरकातूनच येतात.

कप घंटेसारखा, पण उलटा असतो. वरची कड जाड, कडेखाली सुईच्या अग्राएवढी दोन-चार छिद्रे आणि तळाशी छोटा देठ. तो बहुधा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असतो, काही कप रबराचे किंवा थर्मोप्लास्टिक इलास्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचेही असतात. साधारण 20 ते 30 मिलिलिटर रक्त त्यात मावते. संपूर्ण पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटरच रक्त जाते, हे ऐकून पुष्कळजणींना नवल वाटते, कारण पॅडवर पसरलेले तेवढेच रक्त कितीतरी जास्त दिसते. 80 मिलिलिटरच्या वर गेल्यास स्राव जास्त मानला जातो. बऱ्याच कपांवर मापाच्या रेघा असतात, त्यामुळे ‘फार जातं’ एवढेच सांगण्याऐवजी डॉक्टरांना आकडा सांगता येतो. रक्तक्षयाची शंका असेल तेव्हा ही माहिती मोलाची ठरते.

कप ही अलीकडची कल्पना नव्हे. अमेरिकी अभिनेत्री लिओना चामर्स यांनी 1937 मध्ये रबरी कपाचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला आणि उत्पादन थांबले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ‘टॅसेट’ या नावाने कप पुन्हा बाजारात आला, पण तोही टिकला नाही. वापरून फेकायच्या वस्तूंची सवय लागलेल्या काळात आपलेच रक्त हाताने ओतून कप धुणे बायकांना नकोसे वाटले. 1987 मध्ये अमेरिकेत ‘कीपर’ हा रबरी कप आला, आणि खरा प्रसार एकविसाव्या शतकात सिलिकॉनच्या कपांमुळे झाला.

माप निवडताना वय आणि बाळंतपण पाहायला उत्पादक सांगतात. गर्भाशयमुख किती वर किंवा खाली आहे, हे त्याहून उपयोगी. पाळी चालू असताना स्वच्छ बोट आत घालून पाहावे. नाकाच्या शेंड्यासारखा घट्टसर भाग पहिल्या पेराशीच लागला, तर आखूड कप बरा. बोट जवळजवळ पूर्ण आत जाऊनही तो हाती लागत नसेल, तर लांब कप सोयीचा.

कप घालण्यापूर्वी हात साबणाने धुतात आणि कप पाण्याने ओला करतात. कड चपटी करून इंग्रजी ‘सी’च्या आकारात दुमडणे ही एक पद्धत, कडेचा एक भाग बोटाने आत दाबून टोक निमुळते करणे ही दुसरी, नवख्या हातांना सहसा अधिक सोपी. कप सरळ वर न ढकलता माकडहाडाच्या दिशेने सरकवतात, कारण योनीमार्ग मागे कललेला असतो. आत तो उघडला पाहिजे. तळाभोवती बोट फिरवल्यावर घडी हाताला लागली, तर तो उघडलेला नाही. थोडा गोल फिरवला की बहुधा उघडतो. गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. कप गर्भाशयमुखाच्या बाजूला सरकून बसला, तर तो रिकामा राहतो आणि कपड्यावर मात्र डाग पडतो. कप घातल्यानंतर लगेच दिसणारा फिकट डाग म्हणजे गळतीच असे नाही, ते आतल्या भिंतींना आधीच लागलेले रक्तही असू शकते.

काढणे हे घालण्यापेक्षा अवघड वाटते, आणि घाबरायला होते ते इथेच. उघडलेला कप आतल्या भिंतींना पकडून बसतो, त्यामुळे नुसता देठ ओढल्यास खेच बसते, दुखते आणि अंग आणखी आवळते. उकिडवे बसून, शौचाला करतात तसा हलका जोर दिला की कप खाली येतो. मग देठ सोडून तळ चिमटीत दाबायचा. पकड सुटल्याचे लगेच जाणवते. एक बाजू आधी बाहेर घेऊन कप उभा धरला तर सांडत नाही. कप आत हरवत नाही, कारण गर्भाशयमुखाचे छिद्र त्याला पार करता येणार नाही इतके बारीक असते. हाती लागत नसेल तर थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही निघाला नाही तर डॉक्टरांकडे जावे. हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात, आणि तोवर सोबत पातळ पॅड ठेवण्यात कमीपणा नाही.

कप 8 ते 12 तासांनी रिकामा करतात, स्राव जास्त असेल तर त्याआधीच. दरवेळी पाण्याने धुणे पुरते. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी तो पाच मिनिटे भरपूर पाण्यात, भांड्याच्या तळाला चिकटणार नाही असा उकळतात. कडेखालची छिद्रे तुंबली की पकड नीट बसत नाही. कप पाण्याने भरून, तोंड तळहाताने बंद करून दाबला की ती मोकळी होतात. वाळलेला कप हवाबंद डब्यापेक्षा कापडी पिशवीत ठेवणे चांगले. पडलेला डाग निरुपद्रवी असतो. चिकटपणा, तडा किंवा खडबडीतपणा आला तर मात्र कप बदलावा. नीट सांभाळलेला सिलिकॉनचा कप दहा वर्षांपर्यंतही टिकतो.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 2019 साली 43 अभ्यासांचा आणि त्यांतील सुमारे 3,300 सहभागींचा आढावा प्रसिद्ध झाला. कपातून होणारी गळती इतर साधनांइतकी किंवा त्यांहून कमी असल्याचे त्यात आढळले. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर विकार कप वापरणाऱ्यांमध्ये क्वचितच नोंदला गेला आहे; तरी अचानक जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा भोवळ आल्यास कप तात्काळ काढून दवाखाना गाठावा.

कप गर्भनिरोधक नाही. लघवी-शौचाच्या आड तो येत नाही, संभोगापूर्वी मात्र काढावा लागतो. शरीरसंबंध न आलेल्या मुलींनाही तो वापरता येतो. त्याने योनिपटल ताणले किंवा फाटले जाऊ शकते, पण योनिपटलावरून कौमार्य ठरवण्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. बाळंतपणानंतरच्या स्रावासाठी कप वापरत नाहीत. अंग बाहेर येण्याचा त्रास, योनीमार्गातील संसर्ग किंवा रबराची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. तांबी बसवलेली असेल तर विशेष जपावे लागते: पकड न सोडता कप ओढला किंवा कपाबरोबर तांबीचा दोरा चिमटीत आला, तर तांबी जागची हलू शकते. दोरा आखूड कापून घ्यावा का, हे ती बसवतानाच डॉक्टरांना विचारता येते.