चाक, सीट आणि खास चावीचे बोल्ट: पार्श्वभूमी

सायकलचे सुटे भाग चोरीला जाऊ नयेत म्हणून आज खास चावीचे नट, बोल्ट आणि स्क्यूअर (चाक घट्ट धरणारी आरपार सळई) मिळतात. त्यांची गरज का पडली याचं उत्तर कुलपांच्या इतिहासात फारसं सापडत नाही. त्यासाठी शर्यतीच्या सायकलींकडे वळावं लागतं.

जुन्या सायकलींची चाकं ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, दोन टोकांना नट आवळून बसवलेली असत. मागच्या नटाला साधारण 15 मिलिमीटरचा पाना लागे. नट गंजून घट्ट बसला की मालकालाही घाम फुटे. पाना घेऊन दुसऱ्याच्या सायकलशी खटपट करणारा माणूस लोकांच्या नजरेत भरतो, एवढंच संरक्षण तेव्हा होतं. बऱ्याच ठिकाणी ते पुरतही होतं.

शर्यतपटूंची अडचण वेगळी होती. सुरुवातीच्या शर्यतींत गिअर बदलायचा तर मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे, कारण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असत. गारठलेल्या बोटांनी घाटमाथ्यावर नट सुटेना म्हणून एका इटालियन शर्यतपटूला पोकळ ॲक्सलमधून आरपार जाणारी सळई आणि तिच्या टोकाला कॅमचा खटका अशी रचना सुचली, ही कथा सायकलविश्वात वर्षानुवर्षं सांगितली जाते. कथेचे तपशील बाजूला ठेवले तरी 1930 च्या दशकापासून हे खटक्याचं क्विक रिलीज शर्यतीत रुळलं, हे नक्की. शर्यतीची सायकल रस्त्यावर एकटी उभी राहत नाही. त्यामुळे चोरीचा विचार तिथे कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

खरा पेच पुढे आला. 1970 च्या दशकात अमेरिकेत सायकलींची मागणी अचानक फुगली, दहा गिअरच्या सायकली घरोघरी गेल्या आणि शर्यतीची सामग्री रोजच्या वापरात आली. 1980 च्या दशकात माउंटन बाइकने सीटलाही खटका दिला. उतारावर सीट खाली घ्यायची आणि चढावर वर, यासाठी तो होता. डोंगरात ही सोय रास्तच होती. पण तोच खटका पुढे कामावर जाण्याच्या साध्या सायकलींवरही आला. तिथे सीट एकदा उंचीला लावली की वर्षभर कुणी हात लावत नाही. उत्पादकांच्या बाजूने कारणं होती: पंक्चर काढताना पाना लागत नाही, गाडीत सायकल ठेवणं सोपं जातं, शिवाय खटका असलेली सायकल दुकानात महागडी दिसते. ही कारणं मान्य करूनही वाटतं, की दिवसभर बाहेर उभ्या राहणाऱ्या सायकलीला हा खटका देणं ही चूक होती, आणि तिची किंमत चालवणाऱ्याने मोजली.

या निर्णयावर वाद झाला तो मात्र सुरक्षिततेवरून. खटका नीट न लावल्यामुळे पुढचं चाक निसटून अपघात होऊ लागले, प्रकरणं कोर्टात गेली. 1976 मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी क्विक रिलीज नसलेल्या पुढच्या चाकाला निसटू न देणारी वेगळी सोय सक्तीची केली. क्विक रिलीजसाठी अट निराळी होती: खटका बंद केल्यावर फ्रेमच्या किंवा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) धातूवर त्याचा ठसा उमटला पाहिजे. पुढे खटल्यांच्या धास्तीने उत्पादकांनी क्विक रिलीजच्या फोर्कलाही, ॲक्सल बसतो त्या खाचेच्या खालच्या टोकाला, लहान उंचवटे दिले. खटका उघडला तरी चाक त्या उंचवट्यांवर अडतं, आणि ते काढायला दुसऱ्या बाजूचा नट काही फेरे सैल करावा लागतो.

ही तडजोड नीट पाहण्यासारखी आहे. मालकाची सोय गेली, कारण आता दर वेळी नट सैल करायचा आणि चाक बसवताना खटक्याचा ताण पुन्हा जुळवायचा. हे करताना चुकणारे पुष्कळ, म्हणजे सुरक्षिततेचा हेतूही अर्धाच साधला. चोराला मात्र चार-सहा सेकंद जास्त लागले, बाकी काही बिघडलं नाही. उंचवटे कानशीने घासून टाकणारे हौशी सायकलस्वार आणि ‘घासू नका’ म्हणणारे उत्पादक यांचं भांडण अनेक वर्षं चाललं. त्या सगळ्यात चाक चोरीला जातं हा मुद्दा बाजूलाच राहिला. नियम करणाऱ्यांचा तो विषयच नव्हता.

याच सुमारास कुलपं सुधारली. 1970 च्या दशकात आलेल्या पोलादी यू-लॉकमुळे, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराच्या कुलपामुळे, साखळी कापून अख्खी सायकल नेणं कठीण झालं. पण यू-लॉकचा घेर लहान. फ्रेम आणि एक चाक त्यात बसलं तर दुसरं चाक आणि सीट मोकळी. पुढचं चाक काढून मागच्या चाकासोबत एकाच कुलपात अडकवण्याचा सल्ला तेव्हापासून दिला जातो.

घरगुती उपायही इथूनच सुरू झाले. सीट फ्रेमला बांधायला जुन्या ट्यूबमध्ये सरकवलेला चेनचा तुकडा, किंवा ॲलन बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खोबणीत छर्रा, म्हणजे बेअरिंगची पोलादी गोळी. हा दुसरा उपाय जवळून पाहू. पुढच्या हबचा नेहमीचा छर्रा 3/16 इंचाचा, म्हणजे 4.76 मिलिमीटर. तो 5 मिलिमीटरच्या षटकोनी खोबणीत अगदी बेताने बसतो. 4 मिलिमीटरच्या खोबणीला हेडसेटमधला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधला) 5/32 इंची छर्रा चालतो. वरून मेण किंवा सुपरग्लू घातलं की ॲलन की आत शिरत नाही. मालकाला बोल्ट उघडायचा झाला तर मेण टोकरून काढायचं किंवा ग्लू ॲसिटोनने विरघळवायचा. पंक्चर झालेल्या चाकासाठी हा उपाय निरुपयोगी. सीट आणि स्टेमसाठी (हँडल धरणाऱ्या भागासाठी) उत्तम.

बाजारातल्या उपायांची पहिली फळी दुसऱ्या क्षेत्रांतून उसनी आली. अमेरिकेतल्या अग्निशमन नळांवर पंचकोनी नट असतात, कारण साध्या पान्याचे समांतर जबडे पाच बाजूंना धरत नाहीत. तीच कल्पना पंचकोनी चावीच्या स्क्यूअरमध्ये उतरली. मधोमध खुंटी असलेला टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खोबणीचा बोल्ट) आणि दोन भोकांचा बोल्टही असेच आले. या सगळ्यांची कमजोरी एकच: चावी सर्वांना सारखी. एकाने ती विकत घेतली की त्या बनावटीच्या सगळ्या सायकली त्याला उघड्या.

म्हणून दुसऱ्या फळीत प्रत्येक संचाला वेगळी चावी आली. नटाचं डोकं शंकूसारखं निमुळतं ठेवायचं किंवा भोवती वाटी द्यायची, म्हणजे पक्कड घसरते. चावी हरवली तर कोड नंबरवरून नवी मागवता येते, पण वाटेत पंक्चर झालं आणि चावी घरी राहिली तर मेकॅनिकही हतबल. काही उत्पादकांनी चावीच टाळली: नटाच्या आतला अडसर गुरुत्वाकर्षणाने बसतो आणि सायकल आडवी केल्याशिवाय सुटत नाही. उभ्या खांबाला नीट जखडलेली सायकल आडवी होत नाही, त्यावर ही सगळी भिस्त. 2010 च्या दशकात चुंबकाने बसणारी आणि चावीच्या चुंबकानेच निघणारी छोटी खिटी आली. कल्पना छर्ऱ्याचीच, फक्त परत काढता येणारी. टायटॅनियमच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बोल्टला चुंबक चिकटत नाही, तिथे आत वेगळा तुकडा बसवावा लागतो.

सार्वजनिक सायकलींनी निराळा रस्ता धरला. कोपनहेगनमध्ये 1995 साली सुरू झालेल्या योजनेत मुद्दाम वेगळ्या मापाचे भाग वापरले, म्हणजे चोरले तरी दुसऱ्या सायकलीला बसणार नाहीत. उपायांपैकी हा सर्वांत पटणारा, पण स्वतःची सायकल असलेल्याला तो परवडत नाही, कारण त्याला सुटे भाग बाजारातूनच घ्यायचे असतात.

गेल्या दशकात डिस्क ब्रेकसोबत थ्रू-ॲक्सल आलं, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेमच्या किंवा फोर्कच्या बंद भोकांत बसणारा जाड ॲक्सल. याही बदलामागे सुरक्षितता होती. 2015 मध्ये एका बड्या अमेरिकी उत्पादकाने जवळपास 10 लाख सायकली परत मागवल्या, कारण पूर्ण उघडलेला खटका पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होता. थ्रू-ॲक्सलमुळे चाक आपोआप निसटणं जवळजवळ संपलं. चोरी थांबली नाही, कारण बहुतेक थ्रू-ॲक्सल एक तर हाताच्या खटक्याने किंवा 6 मिलिमीटरच्या ॲलन कीने निघतात. 4, 5, 6 आणि टी-25 टॉर्क्स असलेलं खिशातलं हत्यार आजच्या सायकलीचा जवळपास प्रत्येक महाग भाग सोडवतं. शिवाय क्विक रिलीजच्या काळात एकाच मापाची सळई बहुतेक सायकलींना चाले. थ्रू-ॲक्सलची लांबी आणि आटे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे खास चावीचा ॲक्सल घेताना आपल्या सायकलीचं माप मिळेलच याची खात्री नसते. इलेक्ट्रिक सायकलींत बॅटरीला चावीचं कुलूप येतं, पण हँडलवरचा डिस्प्ले, सीट आणि चाकं अजूनही साध्या बोल्टवरच विकली जातात, आणि खास बोल्टचा खर्च ग्राहकाकडे वेगळा राहतो.