चित्र नवे, धातू तोच: जर्मन एकीकरणाचे दोन युरोचे नाणे

पूर्व आणि पश्चिम जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० रोजी एक झाले. त्याला २५ वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, जर्मनीने दोन युरोचे स्मारक नाणे काढले. त्यावर ब्रांडेनबुर्ग दरवाजा आहे, त्याच्यासमोर माणसे आणि ‘आम्ही एक जनता आहोत’ अशा अर्थाची जर्मन घोषणा. हे रोजच्या व्यवहारातले नाणे, युरो चालतो त्या प्रत्येक देशात वैध. त्यामुळे कलाकाराला मोकळी मिळाली ती फक्त एक बाजू. दुसऱ्या बाजूचा युरोपचा नकाशा, २५.७५ मिमी व्यास, ८.५ ग्रॅम वजन, २.२ मिमी जाडी आणि धातू यांना हात लावता येत नाही.

कारण तिकिटाचे किंवा शीतपेयाचे यंत्र चित्र पाहतच नाही. नाणे घरंगळत तारेच्या वेटोळ्यांजवळून जाते. वेटोळ्यांतल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोलगोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि ते किती जोरदार आहेत यावरून धातू ओळखला जातो. क्षेत्र खूप वेगाने बदलले (जास्त वारंवारता) तर पृष्ठभागाचा अंदाज येतो, सावकाश बदलले (कमी वारंवारता) तर आतला थर कळतो. दोन युरोच्या नाण्याची खरी मेख या आतल्या थरातच आहे. बाहेरचे कडे तांबे-निकेलचे, मधली चकती मात्र तीन थरांची: वर-खाली निकेल-पितळ आणि मध्ये शुद्ध निकेल. थायलंडचे १० बाटचे नाणे २६ मिमी व्यासाचे, वजन तेच ८.५ ग्रॅम, रंगही तसेच. पण त्यात निकेलचा थर नाही. फक्त आकार आणि वजन पाहणारी यंत्रे त्याला फसतात.

घरी तपासायचे तर लोहचुंबक पुरतो. खऱ्या नाण्याची मधली चकती हलकीच ओढली जाते, कडे अजिबात नाही. नाणे चटकन घट्ट चिकटले तर ते खोटे समजावे.

आपल्याकडे उलटा प्रकार झाला. दहा रुपयांच्या नाण्यावरची चित्रे वेगवेगळी म्हणून दुकानदार ते नाकारू लागले आणि सगळे १४ नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावे लागले.

पुन्हा चित्राकडे. मधली चकती फक्त १८.७५ मिमीची, तिच्यावर माणसांचा घोळका कोरणे धाडसाचेच. चित्राचा उंचवटा काठापेक्षा वर गेला तर नाणी एकावर एक नीट बसत नाहीत आणि चेहरे लवकर झिजतात. शिवाय दोन्ही बाजूंचे ठसे एकाच दाबात उमटतात. दोन्हींत एकाच जागी खोल खळगे आले तर तिथे धातू पुरत नाही आणि चित्र अर्धवट उठते. त्याच दाबात कड्याचा धातू चकतीच्या कडेवरच्या खाचेत शिरतो आणि दोन्ही भाग अडकतात. चकती नीट मध्यावर बसली नसेल तर नाणे बाद.

चित्राच्या बाजूला टांकसाळीचे रोमन अक्षरही असते. ‘ए’ बर्लिन, ‘डी’ म्युनिक, ‘एफ’ श्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूहे, ‘जे’ हाम्बुर्ग. कामाची वाटणी ठरलेली: अनुक्रमे २०, २१, २४, १४ आणि २१ टक्के. म्हणजे कार्ल्सरूहेची नाणी सर्वांत कमी. देशाचे अक्षरही ‘डी’च असल्याने म्युनिकच्या नाण्यावर दोन ‘डी’ दिसतात, तो दोष नव्हे. मला सर्वांत बोलके वाटते ते ‘ए’. बर्लिनची ही टांकसाळ पूर्व जर्मनीची नाणी पाडत होती, बरीचशी हलक्या ॲल्युमिनियमची, आणि त्यांवरही हेच अक्षर असे. एकीकरणानंतर ती संघराज्य जर्मनीची नाणी पाडू लागली, अक्षर तेच राहिले.

नाण्याच्या बाहेरच्या कडेवर ‘एकता, न्याय आणि स्वातंत्र्य’ या अर्थाचे जर्मन शब्द आहेत. ते चित्र उमटण्याआधीच कोरले जातात आणि मग कोरे नाणे यंत्रात कोणत्याही बाजूने पडते. साहजिकच साधारण निम्म्या नाण्यांवर ही अक्षरे उलटी दिसतात. ‘उलट्या कडेचे दुर्मीळ नाणे’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.