शेअर्ड लायब्ररीच्या सदोष अपडेटमुळे होणारे क्रॅश

लिनक्समध्ये एकच शेअर्ड लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांची सामाईक फाइल, अनेक प्रोग्राम वापरतात. त्यामुळे तिचे अपडेट बिघडले, की ज्यांना कोणी हातही लावलेला नाही असे प्रोग्राम कोसळू लागतात. क्रॅश अपडेटनंतर लगेच दिसेलच असे नाही. पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारे व अपडेट करणारे साधन) जुनी फाइल काढून त्या जागी नवी ठेवतो, पण आधीपासून चालू असलेली प्रोसेस (चालू प्रोग्राम) जुनीच प्रत धरून राहते. चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या 'प्रॉक' डिरेक्टरीतील तिच्या 'मॅप्स' यादीत त्या लायब्ररीपुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो. सर्व्हिस पुन्हा सुरू केली की बिघाड उघड होतो, कधी कित्येक दिवसांनी. म्हणून सर्वप्रथम पॅकेजचा इतिहास पाहावा: डेबियन-उबुंटूत डीपीकेजी या पॅकेज साधनाचा लॉग, फेडोरात 'डीएनएफ हिस्टरी'.

प्रोग्राम सुरूच होत नसेल तर निदान सोपे असते. लायब्ररी सापडली नाही, सिम्बॉल (लायब्ररीतील फंक्शनाचे वा व्हेरिएबलचे नाव) अपरिचित आहे किंवा हवी ती आवृत्ती नाही, असा स्पष्ट संदेश डायनॅमिक लिंकर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडणारा घटक, देतो. प्रोग्राम संपताना मिळणारा क्रमांक, म्हणजे एक्झिट कोड, पहिल्या दोन बाबतींत १२७ आणि आवृत्तीच्या बाबतीत १ येतो. 'एलडीडी' चालवून कोणती लायब्ररी नेमकी कुठून उचलली जाते ते पाहावे. पूर्वी कोणी हाताने 'यूएसआर-लोकल'मध्ये बसवलेली प्रत पुढे येते आणि दोष उगाच नव्या पॅकेजवर जातो, हे वारंवार घडते. अनोळखी बायनरीवर (कंपाइल केलेल्या प्रोग्रामवर) मात्र एलडीडी चालवू नये, कारण त्यातून तिचा कोड चालू शकतो. तिथे फाइल न चालवता फक्त वाचणारे 'रीडएल्फ' वापरावे.

मध्येच होणारा क्रॅश जास्त फसवा. एक्झिट कोड १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागी हात घालणे), १३४ म्हणजे अबॉर्ट (प्रोग्रामने स्वतःच थांबणे), तर १३२ म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना. हा शेवटचा कोड लायब्ररी नव्या प्रोसेसरसाठी कंपाइल झाल्याची शंका निर्माण करतो. 'कोअरडम्पसीटीएल'मधून कोअर डम्प (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडून बॅकट्रेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी, काढावा. त्यातील सर्वांत वरची फ्रेम (कडी) मेमरी घेणाऱ्या 'मॅलॉक' किंवा सोडणाऱ्या 'फ्री'ची असली म्हणून जीलिबसीला, म्हणजे ही फंक्शने पुरवणाऱ्या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीला, दोषी ठरवू नये. मेमरी बहुधा आधीच दुसऱ्या कोणीतरी बिघडवलेली असते. ती जागा मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंड दाखवतो.

संशय खरा आहे का, हे ठरवणारी चाचणी एकच, आणि ती टाळू नये. जुने पॅकेज इन्स्टॉल न करता तात्पुरत्या डिरेक्टरीत उलगडावे आणि लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारे 'एलडी लायब्ररी पाथ' हे व्हेरिएबल फक्त त्या एका कमांडपुरते तिकडे वळवावे. जुन्या प्रतीवर प्रोग्राम नीट चालला आणि नवीवर प्रत्येक वेळी पडला, तर कारण त्या अपडेटशीच जोडलेले आहे. जीलिबसीसाठी ही युक्ती चालत नाही, कारण तिची आणि डायनॅमिक लिंकरची आवृत्ती जुळावी लागते; तिथे कंटेनर, म्हणजे स्वतःच्या लायब्ररींसह वेगळे चालणारे वातावरण, वापरावा.

तरीही चूक लायब्ररीचीच असते असे नाही. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटू लागला. जीलिबसीतील मेमरी कॉपी करणारे 'मेमकॉपी' फंक्शन काही प्रोसेसरांवर मागून पुढे कॉपी करू लागले होते. एकमेकांवर येणाऱ्या मेमरी-भागांसाठी हे फंक्शन नसतेच, त्यासाठी 'मेममूव्ह' आहे, आणि फ्लॅश नियमाबाहेर वागत होता. तरी वापरणाऱ्यांचे हाल झालेच. २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी सिम्बॉल-आवृत्ती देण्यात आली आणि जुन्या बायनरींसाठी सुरक्षित वर्तन राखले गेले.

दोष सिद्ध झाल्यावर मागची आवृत्ती पॅकेज मॅनेजरमार्फतच आणावी: डेबियन-उबुंटूच्या एपीटीत आवृत्ती लिहून इन्स्टॉल, फेडोरात 'डीएनएफ डाउनग्रेड'. हरवलेल्या जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे नाव) नव्या लायब्ररीकडे वळवण्याचा सल्ला घातक आहे. नाव बदलले ते एबीआय, म्हणजे प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातील बायनरी पातळीचा करार, बदलल्यामुळेच. प्रोग्राम सुरू होईल, पण स्ट्रक्चरचे आकार न जुळल्याने डेटा गुपचूप बिघडू शकतो. 'सीपी' या कॉपी कमांडने चालू लायब्ररीवर दुसरी फाइल लिहिणेही तितकेच वाईट, त्याने चालू प्रोसेस तिथल्या तिथे पडू शकतात. मागच्या आवृत्तीवर 'होल्ड' लावून रोखून ठेवलेल्या पॅकेजला सुरक्षा पॅचही मिळत नाहीत. दुरुस्त आवृत्ती येताच 'होल्ड' काढावा आणि ती लायब्ररी धरून असलेल्या सर्व सर्व्हिस पुन्हा सुरू कराव्यात.