‘नाइस’ म्हणजे आधी चक्क ‘अडाणी’!

कुणी फोटो टाकला की खाली धडाधड ‘नाइस’ पडतात, मीपण टाकतो. पण १३०० च्या आसपास हा शब्द इंग्रजीत आला ना, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट!

आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचने घेतला लॅटिनच्या ‘नेस्कियुस’वरून. हा शब्द फोडून बघा: ‘ने’ म्हणजे न, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं, म्हणजे जाणत नाही तो, अजाण. यातला ‘ने’ आणि आपल्या नाही-नव्हे-नसतो मधला ‘न’ एकाच घरातले, कारण संस्कृत आणि लॅटिन दोघींची आई एक, हजारो वर्षांपूर्वीची आदि-इंडो-युरोपीय भाषा. आणि ‘स्कीरे’वरूनच आलाय ‘सायन्स’! म्हणजे नाइस आणि सायन्स एकमेकांचे नातेवाईक, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जाईना.

अजून मागे गेलं तर ‘स्कीरे’चं मूळ ‘कापणं, वेगळं करणं’ असं बरेच अभ्यासक मानतात, आपले छेद, छिद्र, छिन्न त्याच कुळातले. कापण्याचा आणि जाणण्याचा काय संबंध? तर एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता आली की ती कळली. आपला ‘विवेक’ शब्दपण असाच, त्यातल्या ‘विच्’ धातूचा अर्थ वेगळं करणं. नीरक्षीरविवेक म्हणतो ना, ते अगदी शब्दशः.

मग मूर्खाचं छान कसं झालं? एका उडीत नाही. मूर्ख, मग नखरेल, मग बारीकसारीक गोष्टीत खोट काढणारा, त्यावरून नाजूक, त्यावरून अचूक, आणि १८व्या शतकात कुठे ‘छान’. मधल्या पायरीची खूण अजून शिल्लक आहे, ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक फरक. स्पॅनिशमध्ये मात्र याच घरातला ‘नेसिओ’ आजही मूर्खच.

‘सिली’चा प्रवास बरोबर उलटा, आधी सुखी, पुण्यवान, मग भोळा, बिचारा आणि शेवटी मूर्ख.

आपल्याकडेही असं झालंय. संस्कृत धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘साहस’ म्हणजे मारहाण, लूट असे जबरदस्तीचे गुन्हे, आणि आज आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना साहस शिबिराला पाठवतो.